मित्राच्या पेटीचा उतरलेला गांधार

गेल्या वर्षी माझा मित्र गेला. आमची ओळख सहावीच्या वर्गातली, म्हणजे 56 वर्षांची. त्याची पेटी सध्या माझ्या घरी आहे आणि तिचे काय करावे याचा निर्णय माझ्याने होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. प्रश्न अगदी शेवटी येईल. पेटी आणि तिचा मालक यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय तो प्रश्न विचारण्याजोगा का आहे हे कळणार नाही, त्यामुळे लांबणीबद्दल आधीच क्षमा मागतो.

तो हिशेबनीस होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आणि संध्याकाळी घरी आल्यावर न चुकता तासभर पेटी वाजवली. मंचावर तो कधीही बसला नाही. साथीला बोलावणी येत, नाही असे नाही, पण साथीला बसायचे म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळाने चालायचे, ते आपल्याला जमणार नाही, असे सांगून तो मोकळा होई. त्याला श्रोता मात्र लागे, आणि तो श्रोता मी होतो. मला वाजवता येत नाही. झपताल मोजताना सातव्या मात्रेच्या आसपास मी हटकून घसरतो. संगीतातले मला काही कळत नाही असे मी म्हटले की तो म्हणे, ‘कळून घेऊ नकोस. ऐक.’

त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही आणि त्याला कारण मीच आहे. आम्ही तिशीत असताना एकदा मी त्याला न सांगता टेपरेकॉर्डर सुरू ठेवला आणि ती कॅसेट दोघा-तिघांना ऐकवली. त्यांनी मनापासून कौतुक केले, ते मी मोठ्या आनंदाने त्याच्या कानावर घातले, आणि तो माझ्याशी चार महिने बोलला नाही. चार महिन्यांनी घरी आला, कॅसेट मागितली, माझ्यादेखत ती पुसली आणि मग चहा घेतला. मी तेव्हा फार चिडलो होतो. अजूनही, खरे सांगायचे तर, तो विषय निघाला की थोडा चिडतोच.

आता त्या गांधाराविषयी. चाळिशीत असताना त्याने पेटी दुरुस्तीला नेली आणि दोन दिवस रजा काढून तो दुरुस्ती करणाऱ्यांच्या शेजारी बसून राहिला. परत आल्यावर त्याने मला समोर बसवले. काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, हा त्याचा षड्ज, ज्याला ‘सा’ धरून तो वाजवी. तो दाबून ठेवून त्याने पांढरी चार, म्हणजे त्या षड्जाचा शुद्ध गांधार, दाबला आणि विचारले, ‘काय गेले?’ मला सांगता येईना. त्याने पुन्हा दाबले. तेव्हा लक्षात आले की पूर्वी हे दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्यात एक बारीक थरथर असे, पाण्यावर वारा आल्यासारखी, आणि ती थरथर नाहीशी झाली होती. पाणी थांबले होते. ‘गांधार उतरवून घेतला,’ एवढेच तो म्हणाला. पुढची जवळजवळ तीस वर्षे मी तो गांधार ऐकला.

मृत्यूच्या 14 महिने आधी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचाही. समोरच्याचे बोलणे त्याला बहुतेक कळत असे, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडत. ‘पाणी’ म्हणायला जाई आणि भलतेच अक्षर बाहेर पडे, ते चुकले आहे हे त्याला कळे, आणि मग तो डाव्या हाताने गादीवर थाप मारी. दोन महिने पेटी पेटाऱ्यात बंद होती. एके दिवशी वहिनींनीच ती बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवली. पेटीवादकाचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा हात मागे भात्यावर. त्याचा डावा हात शाबूत होता, पण तो पट्ट्यांवर आणला की भाता मारायला कोणी नाही. तेव्हा मी पेटीच्या पलीकडे, भात्याच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड करून बसलो.

भाता मारणे म्हणजे पंख्याने वारा घालणे, एवढीच माझी समजूत होती. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, ती आतल्या भात्यात साठते आणि तिथल्या स्प्रिंगांच्या दाबाने रीडकडे, म्हणजे हवेने थरथरून स्वर काढणाऱ्या पितळी पत्त्यांकडे, जाते. त्यामुळे हात थांबला तरी स्वर काही क्षण टिकतो, आणि जोर केला तर स्वर फुगतो, कर्कश होतो. हे मी साठी उलटल्यावर शिकलो. जोर जास्त झाला की तो माझ्या मनगटावर बोटाने दोनदा टकटक करी. ओळ संपत आली की त्याच्या भुवया किंचित वर जात आणि मी हात सैल सोडी. जन्मभर मी त्याला बाजूने किंवा समोरून वाजवताना पाहिले होते, पण त्याचा श्वास कुठे सुटतो हे मला त्या भात्यामुळे प्रथम समजले.

साधारण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. माझे घरातले हाक मारण्याचे नाव दोन अक्षरी आहे. झटका आल्यापासून ते त्याला उच्चारता आले नव्हते, प्रयत्न करून करून त्याने तो सोडून दिला होता. त्या दिवशी त्याने गांधार वाजवला, मग षड्ज, आणि पुन्हा तेच दोन स्वर वाजवताना गळ्यातून माझे नाव काढले, पहिले अक्षर गांधारावर आणि दुसरे षड्जावर. मी भाता मारायचा थांबलो. त्याने मनगटावर टकटक केले. त्यानंतर शेवटपर्यंत तो मला त्याच दोन स्वरांत हाक मारत असे. बोलून मात्र ते नाव त्याला कधीच म्हणता आले नाही.

आता प्रश्न. वहिनींनी पेटी माझ्याकडे पाठवली, कारण ती पावसाळी हवेत अडकू लागली होती आणि दुरुस्तीचे मी पाहीन असे मी कबूल केले होते. त्यांच्या मनात ती नातीला द्यायची आहे. नात गाणे शिकते आणि तिचा षड्ज काळी पाच आहे. तिच्या शिक्षिकांनी पेटी ऐकून सांगितले की ही या स्थितीत तिच्या उपयोगाची नाही, सगळे स्वर प्रमाणित पद्धतीने पुन्हा लावून घ्यावे लागतील. म्हणजे तो उतरलेला गांधार जाणार. मी काय करावे?

प्रतिसाद 1

आपल्या मित्राला आदरांजली. माझे मत विचाराल तर पेटीला हातही लावू नये. अडकलेली पट्टी तेवढी मोकळी करून घ्यावी आणि नातीसाठी दुसरी पेटी घ्यावी. नव्या पेट्या कितीही मिळतील, एका माणसाच्या कानाने लावलेली पेटी पुन्हा मिळणार नाही. मात्र ती पेटाऱ्यात बंद करून ठेवू नका. भात्याचे चामडे आणि कापड न वापरल्याने कडक होते, सांध्यांतून हवा गळू लागते आणि दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. आठवड्यातून एकदा तरी पाच-दहा मिनिटे सगळे स्वर वाजवावेत.

प्रतिसाद 2

मी गायन शिकवते, त्यामुळे त्या शिक्षिकांची बाजू मांडणे मला भाग आहे. त्या म्हणतात ते योग्य आहे, आणि आपल्या मित्राने केले तेही योग्य होते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते सांगते.

पेटी मूळची आपल्याकडची नाही. आलेक्सांद्र दबँ यांनी 1842 साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि ते पायाने चालवायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य होते. मांडीशी घेऊन वाजवण्याजोगी हातपेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. पेटीबरोबर युरोपातली स्वर लावण्याची पद्धतही आली. तिच्यात सप्तकाचे 12 अगदी सारखे भाग असतात आणि प्रत्येक भाग 100 सेंटचा असतो; सेंट हे स्वरांमधले अंतर मोजण्याचे एकक. या पद्धतीची सोय अशी की कोणत्याही पट्टीपासून षड्ज धरला तरी सगळे सारखेच वाजते. गैरसोय अशी की षड्ज सोडला तर एकही स्वर गळ्याला किंवा तंबोऱ्याला नेमका मिळत नाही. पंचमाचा फरक जेमतेम 2 सेंटचा असल्यामुळे तो खपून जातो, पण शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येतो तो सुमारे 386 सेंटवर आणि पेटीवर असतो 400 वर. हे 14 सेंट कानाला टोचतात. आपण वर्णन केलेली थरथर ती हीच. मधल्या सप्तकात काळी एक आणि पांढरी चार एकत्र दाबल्यावर ती सेकंदाला साधारण 11 वेळा होते, आणि गांधार 14 सेंट खाली आणला की शांत होते. आपल्याला कळत नाही असे आपण म्हणता, पण ‘पाणी थांबले’ हे वर्णन मी उद्यापासून वर्गात वापरणार आहे.

पेटीवर मींड (एका स्वरातून दुसऱ्यात सलग घसरत जाणे) नाही, श्रुती (स्वरांमधली सूक्ष्म अंतरे) नाहीत, या आणि अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने 1940 साली पेटीला दारे बंद केली आणि 1971 पासून ती काही अटींवर किलकिली केली. त्या बंदीबद्दल कोणाचे मत काहीही असो, गांधाराबद्दलचा आक्षेप खोटा नव्हता. ज्यांना पेटीही सोडवत नव्हती आणि कानही बुजवून घेता येत नव्हते, त्यांनी आपल्या एका षड्जापुरते स्वर उतरवून-चढवून घेतले. आपल्या मित्राने गांधाराबरोबर धैवत आणि निषादही उतरवले असणार. एकटा गांधार उतरवून भागत नाही.

आता नातीचे पाहा. काळी पाच हा आपल्या मित्राचा धैवत. तो सुमारे 884 सेंटवर उतरवलेला असेल तर नातीचा षड्जच तिथे आला. तिचा गांधार येतो पांढरी दोनवर, जो मित्राचा कोमल ऋषभ होता. तो 16/15 या प्रमाणात लावला असेल तर नातीच्या षड्जापासून तिचा गांधार सुमारे 427 सेंटवर पडतो. हवा 386. एकेचाळीस सेंट चढा गांधार रोज ऐकून शिकणाऱ्या मुलीचा कान बिघडेल, हे मी भावनेने नव्हे तर अनुभवाने सांगते. एका षड्जाला जे अमृत ते दुसऱ्या षड्जाला बाधते.

प्रतिसाद 3

मी वाचा-उपचाराच्या क्षेत्रात काम करतो. पेटीच्या प्रश्नावर बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु गांधार आणि षड्जावर आलेल्या त्या नावाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

उजवी बाजू लुळी पडते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या बाजूला झालेली असते, आणि बहुसंख्य माणसांत भाषेची मुख्य केंद्रेही डावीकडेच असतात. सुरांचे काम मात्र दोन्ही बाजूंत, त्यातही उजवीकडे बरेचसे, विभागलेले असते. म्हणून बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो, हे फार पूर्वीपासून नोंदलेले आहे. ओलोफ दालिन यांनी स्वीडनमधल्या अशाच एका माणसाची हकिकत 1745 मध्ये लिहून ठेवली. त्याला ‘हो’ याखेरीज फारसे बोलता येत नसे, पण ओळखीची प्रार्थनागीते तो शब्दांसकट म्हणत असे. याच निरीक्षणावरून 1973 मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी एक उपचारपद्धती मांडली. तिच्यात छोटे शब्द दोन स्वरांत, एक वरचा आणि एक खालचा, म्हणवून घेतात आणि त्याच वेळी रुग्णाच्या डाव्या हातावर लयीत थाप देतात.

आपण पुन्हा एकदा आपलेच लिखाण वाचा. दोन अक्षरी शब्द, वरचा स्वर आणि खालचा स्वर, कामाला लागलेला डावा हात. कोणीही न शिकवता आपल्या मित्राने स्वतःवर तो उपचार केला. याने प्रत्येकाची वाचा परत येते असे नाही, बोलण्यात उतरणे ही वेगळी आणि अवघड पायरी आहे, आणि आपल्या मित्राच्या बाबतीत ती आली नाही याचा दोष कोणाकडेही जात नाही. विसारिओन शेबालिन या रशियन संगीतकारालाही झटक्यांनंतर भाषेने दगा दिला होता, तरी 1963 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो संगीतरचना करत राहिला आणि आपली पाचवी सिंफनी त्याने त्याच अवस्थेत पूर्ण केली.

प्रतिसाद 4

थोडे कठोर लिहीत आहे, राग मानू नये. हा धागा मित्राच्या पेटीबद्दल नसून आपल्याबद्दल आहे. पेटी कायद्याने आणि नात्याने वहिनींची आहे, त्यांनी ती नातीला द्यायचे ठरवले आहे, आणि आपण ती दुरुस्तीच्या निमित्ताने अडवून धरली आहे. वाद्य वाजवण्यासाठी असते. माझ्या एका नातेवाइकांचे सतारवादन त्यांच्याबरोबर संपले आणि ‘आठवण’ म्हणून ठेवलेली सतार खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून भोपळ्याला तडा गेली. आता ती ना वाद्य आहे ना आठवण, ती पुसायची कोणी यावरून घरात कुरबुर होते, बस्स.

प्रतिसाद 5

वरच्या प्रतिसादाचा सूर बोचरा असला तरी त्यात तथ्य आहे. मला एक मधला मार्ग सुचतो. स्वर बदलण्याआधी प्रत्येक पट्टी दहा-दहा सेकंद मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुढे कधी वाटले तर त्यावरून दुसऱ्या पेटीवर तशीच स्वररचना करून घेता येईल. रीड लावताना टोकाकडे खरवडले की स्वर चढतो आणि बुडाकडे खरवडले की उतरतो, त्यामुळे तत्त्वतः उलट प्रवासही शक्य असतो. मात्र दर वेळी थोडे पितळ जातेच, म्हणून हा खेळ अनेकदा करता येत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. चौथ्या प्रतिसादाचा राग आला होता. दोन दिवस उत्तर दिले नाही ते त्यामुळेच. आता तो ओसरला आहे, आणि ते म्हणणे खरे आहे असे लिहायला हरकत नाही.

तिसऱ्या प्रतिसादाबद्दल काय लिहावे ते सुचत नाही. तो प्रतिसाद मी वहिनींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचला.

दरम्यान मी पेटी घेऊन दुरुस्ती करणाऱ्यांकडे गेलो. पूर्वी ज्यांच्याकडे तो दोन दिवस बसला होता ते आता नाहीत, हे दुसरे आहेत आणि वयाने तरुण आहेत. पेटी कोणाची, काय वाजवत, हे मी त्यांना काहीही सांगितले नव्हते. त्यांनी झाकण काढून पट्ट्यांवर तिरका उजेड पाडला आणि थोडा वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, ‘वाजवणारे काळी एकचे होते. मंद्रात फार रमत. तार सप्तकात क्वचित जात.’ मी विचारले, हे कशावरून? त्यांनी मला वाकायला सांगितले. मधल्या सप्तकातल्या पांढरी चारवर बोट टेकण्याच्या जागी चकाकी जाऊन एक उथळ, अंडाकृती खळगा पडला होता, नखाने चाचपला तर लागेल इतपत. शेजारची पांढरी तीन जवळजवळ कोरी होती. काळ्या पट्ट्यांच्या पुढच्या कडा गोल झाल्या होत्या. वरच्या टोकाच्या पाच-सहा पट्ट्या दुकानातून आणल्यासारख्या लख्ख होत्या.

त्यानंतर त्यांनी रीडची फळी उघडली, आणि तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. गांधाराच्या पितळी पत्तीवर बुडाजवळ खरवडल्याच्या खुणा होत्या, आणि त्या तीन वेगवेगळ्या वेळच्या होत्या. जुन्या खुणा काळवंडलेल्या, त्यांवर दुसऱ्या थोड्या उजळ, आणि त्यांवर तिसऱ्या. म्हणजे तीस वर्षे मी जो ‘तोच गांधार’ ऐकत होतो तो तोच नव्हता. त्याने मला न सांगता तो आणखी दोनदा हलवला होता. हे वाचून आपल्याला हसू आले तर हसावे, मलाही तिथे उभ्या उभ्या आले.

ते म्हणाले की ही पत्ती आता इतकी पातळ झाली आहे की पुन्हा खरवडली तर फार दिवस टिकणार नाही. प्रमाणित स्वरांत पेटी हवी असेल तर रीड बदलणेच बरे. ही पेटी 39 पट्ट्यांची आणि दोन संचांची आहे, म्हणजे 78 रीड.

पाचव्या प्रतिसादातल्या ध्वनिमुद्रणाच्या सूचनेवर मी बराच विचार केला. तिथे बसल्या बसल्या मोबाइल बाहेरही काढला होता. मग ती कॅसेट आठवली आणि तो पुन्हा खिशात ठेवला. एकदा त्याला न विचारता केले होते, आता तर विचारायची सोयच उरलेली नाही.

प्रतिसाद 6

खुणा तीन वेळच्या असण्यात नवल नाही. पितळ हळूहळू बदलते, धूळ आणि दमटपणा यांनी स्वर सरकतो, त्यामुळे काही वर्षांनी पेटी पुन्हा लावावीच लागते. पण आपल्या मित्राने हे आपल्याला सांगितले नाही याचे कारण मला वेगळे वाटते. मी 40 वर्षे तबला वाजवतो, आणि माझाही असा एक ऐकणारा आहे. त्याच्यासाठी वाजवताना मी केलेला बदल त्याला सांगत नाही. त्याच्या चेहऱ्यावर तो उमटतो की नाही हे पाहतो. आपला मित्रही हेच करत असावा. आपल्या चेहऱ्यावर काही उमटले नसते तर त्याने तिसऱ्यांदा पितळ खरवडले नसते.

प्रतिसाद 2 यांचे पुन्हा उत्तर

रीड बदलताना एक काळजी घ्या. जुने आणि नवे मिसळू नयेत, दोन्ही संच पूर्ण बदलावेत, म्हणजे खर्जाचा आणि वरचा संच एकमेकांशी नेमके मिळतील. नवे रीड बसवल्यावर महिना-दोन महिने रोज वाजवून पुन्हा एकदा स्वर तपासून घ्यावेत, ते सुरुवातीला थोडे हलतात. आणि नातीला पहिल्या दिवसापासून तंबोऱ्यावरच गायला सांगा, पेटी फक्त स्वराचा पत्ता विचारण्यापुरती.

धागाकर्त्याचे उत्तर

निर्णय झाला, आणि तो मी घेतला नाही.

तीन खुणांची गोष्ट मी वहिनींना सांगितली. मला वाटले होते, त्यांना हे ठाऊक नसेल. त्या म्हणाल्या की दुसऱ्या वेळी पेटी न्यायला त्याच्याबरोबर त्याच गेल्या होत्या आणि तिसऱ्या वेळी, नवा गांधार आधीच्यापेक्षा वाईट झाला आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले होते, त्यावरून दोघांचे भांडणही झाले होते. एवढी वर्षे त्याचा एकमेव श्रोता मी आहे, अशा समजुतीत मी वावरलो. भिंतीपलीकडे आणखी एक कान होता, आणि तो माझ्याहून तिखट होता. ‘पेटी बदलून घ्या,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांनी असते तर आतापर्यंत चौथ्यांदा बदलली असती.’

त्याप्रमाणे दोन्ही संच नवे बसवले. पट्ट्या बदलायचे ठरत होते, तेवढे मात्र मी करू दिले नाही, त्यामुळे पांढरी चारवरचा खळगा तसाच आहे. नातीला तो सापडला. तिच्या षड्जाला ती पट्टी पंचमाची आहे, आणि तिचे म्हणणे असे की पंचमावर बोट आपोआप बसते, पाहावे लागत नाही. पहिल्या दिवशी तिला एका वेळी भाता आणि पट्ट्या दोन्ही जमेनात, तेव्हा मी सवयीने पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो. तिने दोन मिनिटे तसे वाजवले आणि मग अतिशय आदराने मला सांगितले की आजोबा, मला स्वतःला शिकायचे आहे. मी उठलो.

दुरुस्ती करणाऱ्यांनी जुने 78 रीड एका कागदात गुंडाळून मला दिले होते. क्रम लावलेला नव्हता, सगळे एकत्र झाले होते. काल रात्री ते टेबलावर पसरले. लांबीवरून आधी ढोबळ वाटे केले, कारण लांब पत्ती खालच्या सप्तकाची आणि आखूड वरची, एवढे आता मला कळते. पण बुडाशी खरवडल्याच्या खुणा बऱ्याच पत्त्यांवर होत्या, त्यामुळे नजरेने गांधार ओळखता येईना. रीड ओठांशी धरून हलकेच फुंकर घातली तर तो वाजतो, हे दुकानात पाहिले होते. म्हणून माझे नाव तो ज्या स्वरात म्हणत असे त्या स्वरात मी आधी मनात म्हणून घेतले आणि मधल्या वाट्यातली एकेक पत्ती उचलून फुंकू लागलो. पहिली नव्हती. दुसरी जवळची होती, पण नव्हती. काही पत्त्या जोर जास्त झाल्याने नुसत्याच फसफसल्या, तेव्हा श्वास सैल सोडून त्या पुन्हा वाजवल्या. अकरावी पत्ती वाजली आणि मी थांबलो. ती वेगळी काढून ठेवली आणि षड्ज शोधायला लागलो.